पिल्लाच्या चोचीतला घास

चिमणी काय खाते, असं कुणी विचारलं तर आपण पटकन सांगतो, दाणे. उत्तर चूक नाही, पण अर्धंच आहे. मोठी चिमणी दाणे टिपते हे खरं. तिचं घरट्यातलं पिल्लू मात्र पहिले काही दिवस मुख्यतः किड्यांवर वाढतं. अळ्या, नाकतोडे, कोळी, माशा. सुगरणीचंही तसंच. एरवी ज्वारीच्या कणसावर ताव मारणारा हा पक्षी पिल्लं झाली की किडे शोधत हिंडतो. पिल्लाला थोड्या दिवसांत अंग धरायचं असतं, पिसं फुटायची असतात. त्यासाठी प्रथिनं लागतात आणि ती नुसत्या दाण्यांतून पुरेशी मिळत नाहीत.

म्हणजे मोठा पक्षी काय खातो हे कळलं, तरी पिल्लू काय खातं हे कळत नाही. ते वेगळं शोधावं लागतं. कसं शोधतात, हा या लेखाचा विषय. कारण पिल्लाच्या पोटात काय जातं हे पाहण्यासाठी अभ्यासकांनी आजवर ज्या युक्त्या काढल्या, त्यांतल्या काही पिल्लालाच फार महागात पडतात. आणि गंमत म्हणजे (खरं तर गंमत नव्हेच) ज्या युक्तीत पिल्लाला त्रास जास्त, तिच्यातून मिळणारी माहितीही बऱ्याचदा तितकीच कच्ची असते.

हे शोधायचंच कशाला?

आदिलाबाद जिल्ह्यातलं बाजारहत्नूर घ्या. आज तेलंगणात असलेलं हे मंडल महाराष्ट्राच्या सीमेपासून फार लांब नाही. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, तेव्हा याच आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात आले आणि बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. मराठी मात्र दोन्हीकडे राहिली. इकडच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी आणि लमाणी अशा चारही बोली कानावर पडतात. रानात कापूस, सोयाबीन, तूर. विजेच्या तारेवर कोतवाल, विहिरीवर वाकलेल्या फांद्यांना सुगरणीचे खोपे, जुन्या आंब्याच्या ढोलीत पिंगळा.

आता कापूस पिकवणाऱ्या माणसाच्या डोक्यात साहजिकच दोन प्रश्न येतात. हे पक्षी पिल्लांना भरवण्यासाठी माझ्या पिकावरच्या अळ्या उचलतात का? आणि मी फवारलेल्या रानातला किडा पिल्लाच्या चोचीत गेला, तर त्याचं काय होतं? हे प्रश्न पोकळ नाहीत. नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ज्या भागातल्या पाण्यात इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकाचं प्रमाण जास्त होतं, त्या भागात किडे खाणाऱ्या पक्ष्यांची संख्या जास्त वेगाने घटत असल्याचं त्यात दिसलं. आपल्याकडच्या कापूसवाल्यांना इमिडाक्लोप्रिड हे नाव नवीन नाही.

पक्ष्यांचा आहार नीट न समजून घेतल्याने काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण चीनमधलं. १९५८ साली तिथे चार उपद्रवी जीवांविरुद्ध मोहीम निघाली आणि त्या यादीत चिमणीही होती, कारण ती धान्य खाते. लोकांनी डबे-ताटं बडवून चिमण्यांना बसू दिलं नाही, घरटी पाडली, अंडी फोडली. पुढे पिकांवर किडींचा जोर वाढला. चिमणी, विशेषतः विणीच्या काळात, पुष्कळ किडे उचलते हे तिथल्या शास्त्रज्ञांनी चिमण्यांची पोटं तपासून दाखवून दिलं. १९६० मध्ये तिचं नाव यादीतून काढलं आणि तिच्या जागी ढेकूण आला. मोजक्या चिमण्यांची पोटं तपासून कळलेली ही गोष्ट आधीच लक्षात घेतली असती, तर अगणित चिमण्या वाचल्या असत्या.

तेव्हा पक्ष्याच्या आहाराचा अभ्यास म्हणजे रिकामपणाचा उद्योग नव्हे. तो व्हायलाच हवा. प्रश्न एवढाच, की त्याची किंमत कोण मोजतं आणि किती.

पोट फाडून पाहण्याचा काळ

सुरुवातीला या कामाला एकच रस्ता होता. पक्षी मारायचा आणि पोट उघडायचं. बिहारमधल्या पुसा इथल्या शेतकी संशोधन संस्थेतून १९१२ साली मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचा भारतीय पक्ष्यांच्या आहारावरचा मोठा अहवाल निघाला. त्यासाठी हजाराहून अधिक पक्ष्यांच्या पोटातलं अन्न तपासलं होतं. कुठला पक्षी शेतीचा मित्र आणि कुठला शत्रू, हे ठरवणं हा हेतू. पुढे १९३१-३२ मध्ये सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी केली. आदिलाबाद तेव्हा त्याच संस्थानातला जिल्हा. त्या काळच्या अशा पाहण्यांत नमुन्यासाठी पक्षी टिपत, त्याचं कातडं जपून ठेवत आणि पोटात काय सापडलं त्याची नोंद करत. दुर्बिणी आजच्यासारख्या हाताशी नव्हत्या, कॅमेरेही नव्हते. आज त्या लोकांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण आज आपल्या हातात दुसरी साधनं असताना तोच रस्ता धरायचा असेल, तर तसं का करायचं हे सांगावं लागेल.

गळपट्टी

मेलेलं पिल्लू एकदाच माहिती देतं. जिवंत पिल्लाकडून ती रोज मिळाली तर? या विचारातून गळपट्टीची पद्धत आली. क्लॉयव्हर या डच अभ्यासकाने स्टार्लिंग पक्ष्याच्या (म्हणजे आपल्या साळुंकीच्या भाऊबंदाच्या) अभ्यासात ती वापरली. त्याचं काम १९३३ साली प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर ही पद्धत जगभर पसरली.

पद्धत ऐकायला सोपी आहे. पिल्लाच्या गळ्याभोवती दोरा, मऊ तार किंवा प्लास्टिकची बारीक पट्टी बांधायची. इतकी सैल की श्वास घेता यावा, इतकी घट्ट की घास खाली उतरू नये. आई-बाप नेहमीसारखे भरवतात. घास घशात अडकून राहतो. थोड्या वेळाने, साधारण अर्ध्या-एक तासाने, अभ्यासक परत येतो, चिमट्याने घास काढून घेतो आणि पट्टी सोडतो. अख्खा, न पचलेला किडा हातात येतो. अभ्यासकाच्या दृष्टीने यापेक्षा स्पष्ट नमुना नाही.

आता हेच पिल्लाच्या बाजूने पाहू. पट्टी जरा घट्ट झाली तर पिल्लू गुदमरतं. सैल झाली तर घास उतरतो आणि सगळा खटाटोप वाया जातो. ही मधली जागा फार बारीक आहे, आणि पिल्लू तर दिवसागणिक वाढतं. आज बरोबर बसलेलं माप दोन दिवसांनी चुकतं. पट्टी काढायची राहून गेली, तर काय होईल हे सांगायला नको.

पट्टी अगदी नीट बसली तरी घास जातोच. समजा, दर दहा मिनिटांनी एक घास येत असेल, तर तासाभरात सहा घास गेले. मोठ्या माणसाला एक वेळ उपास घडला तर काही बिघडत नाही. काही ग्रॅम वजनाच्या पिल्लाकडे साठवलेलं असं फारसं काही नसतं. शिवाय घरट्यातलं पिल्लू पाणी प्यायला कुठे जात नाही. त्याला पाणी मिळतं ते मुख्यतः किड्यांच्या अंगातूनच. आदिलाबादचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांनी कल्पना करावी. मे महिन्यातल्या दुपारी तासभर घास अडवणं म्हणजे भूक आणि तहान दोन्ही एकदम.

आता माहितीच्या बाजूने पाहू. अगदी बारीक किडे पट्टीतूनही खाली सरकतात, त्यामुळे नोंदीत मोठे किडेच जास्त दिसतात. घशात घास अडकलेला दिसला की काही वेळा आई-बाप तो परत काढून घेतात, स्वतः खातात किंवा दुसऱ्या पिल्लाला देतात. काही पिल्लं घास बाहेर टाकतात. घाबरलेलं किंवा गळा आवळलेलं पिल्लू नेहमीसारखी चोच उघडत नाही, आणि चोच उघडली नाही तर आई-बापांचं भरवणं कमी होतं. या पद्धतीतून येणाऱ्या चुकांवर १९८० साली 'द कॉन्डोर' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात एक स्वतंत्र लेखच आला होता. थोडक्यात, अभ्यासकाला 'पिल्लू एरवी काय खातं' हे हवं असतं आणि हाती येतं ते 'गळा बांधलेलं पिल्लू काय खातं' हे. पिल्लाचा त्रास असा आकड्यांत उतरतो.

ओकवण्याची पद्धत

दुसरी युक्ती औषध पाजून ओकवण्याची. त्यासाठी टार्टर इमेटिक नावाचं अँटिमनीचं क्षार वापरलं गेलं. ते मुख्यतः जाळ्यात पकडलेल्या मोठ्या पक्ष्यांना देत. काही मिनिटांत पक्षी पोटातलं बाहेर टाकतो. पण हे विषच आहे. मात्रा जराशी चुकली की पक्षी दगावतो, आणि असे पक्षी दगावल्याचं वापरणाऱ्यांनीच नोंदवून ठेवलं आहे. सोडल्यानंतर उडून गेलेला पक्षी पुढे जगला की नाही, हे तर बहुतेक वेळा कळतही नाही. आधीच नाजूक असलेल्या पिल्लावर हा प्रयोग करण्याचं समर्थन करणं अवघड आहे. पोटात नळीने पाणी सोडून अन्न बाहेर काढण्याची पद्धत पेंग्विनसारख्या मोठ्या समुद्रपक्ष्यांवर वापरतात. चिमणीएवढ्या पिल्लाच्या बाबतीत तिचा विचारही करू नये.

शीट, गोळ्या आणि कॅमेरा

पिल्लाला अन्न न गमावता उत्तर मिळवण्याचे मार्गही आहेत.

पहिला मार्ग शिटेचा. चिमणी, साळुंकी, कोतवाल यांच्यासारख्या पक्ष्यांची पिल्लं शीट पातळ पडद्याच्या पिशवीत टाकतात. घरटं स्वच्छ राहावं म्हणून आई-बाप ती चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. अभ्यासकाने पिल्लू हातात घेतलं तर बरेचदा ते लगेच अशी पिशवी टाकतं. म्हणजे काम एक-दोन मिनिटांचं, आणि पिल्लाचा एकही घास जात नाही. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात भुंग्याच्या पंखांचे तुकडे, अळीचे जबडे, कोळ्याच्या नांग्या सापडतात. मऊ अंगाचे किडे मात्र विरघळून जातात, त्यामुळे ते मोजणीत कमी पडतात. अलीकडे शिटेतल्या डीएनएवरून किड्यांच्या जाती ओळखता येतात. त्यातून जाती कळतात, पण किती किडे खाल्ले हे नेमकं कळत नाही; आणि प्रयोगशाळेचा खर्चही असतो. तरीही पिल्लाच्या दृष्टीने गळपट्टीशी याची तुलनाच नाही.

दुसरा मार्ग शिकारी पक्ष्यांचा. घुबड उंदीर बहुधा अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांची गोळी ओकून टाकतं. इंग्रजीत तिला पेलेट म्हणतात. ही गोळी पक्षी आपण होऊनच टाकतो, म्हणून तिच्यासाठी कुणाचा गळा बांधावा लागत नाही. पुण्याच्या इला फाउंडेशनचे डॉ. सतीश पांडे आणि नीलेश डहाणूकर यांनी शृंगी घुबडाच्या आहाराचा आणि शेतीच्या दृष्टीने त्याच्या महत्त्वाचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. तो अशा गोळ्या आणि उरलेलं भक्ष्य तपासून केलेला होता. या घुबडाच्या आहारात शेतीची नासाडी करणाऱ्या उंदीर-घुशींचा वाटा मोठा असल्याचं त्यातून पुढे आलं. ज्या पक्ष्याला आपल्याकडे लोक अशुभ म्हणून हाकलतात, तो शेताची राखण करतो हे एकाही पिल्लाला उपाशी न ठेवता सांगता आलं. इथेही काळजी घ्यावीच लागते. शृंगी घुबडाची पिल्लं खडकाच्या कपारीत, कधी जमिनीवरच असतात. गोळ्या वेचायला वारंवार तिथे गेलं तर कुत्री आणि मुंगसं आपल्या मागावर येऊ शकतात. म्हणून शक्यतो पिल्लं उडून गेल्यावर किंवा घरट्यापासून दूरच्या बसण्याच्या जागेखाली वेचावं.

तिसरा मार्ग नुसतं पाहण्याचा. मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकलेल्या सालिम अलींना आपली वाट सापडली ती १९३० साली अलिबागजवळच्या किहीममध्ये. तिथे त्यांनी सुगरणीच्या वसाहतीजवळ बसून दिवसेंदिवस निरीक्षण केलं. नर अर्धवट खोपा विणतो, मादी तो पाहून पसंत करते, मग नर खोपा पुरा करतो आणि दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो. ही सगळी उलगड १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. हा आहाराचा अभ्यास नव्हता. पण चिकाटीने बसलेल्या माणसाला काय काय दिसू शकतं, याचा तो उत्तम धडा आहे. वेडा राघू, कोतवाल, खंड्या यांच्या चोचीतलं भक्ष्य तर दुर्बिणीतूनही ओळखू येतं. जिथे डोळा पुरत नाही तिथे छोटा कॅमेरा लावता येतो. मात्र कॅमेराही निरुपद्रवी नसतो. बसवताना उशीर झाला तर आई-बाप बिचकतात, पानं छाटली तर घरट्यावर ऊन येतं, आणि कावळे हुशार असतात. माणूस जिथे सारखा जातो तिथे ते डोकावतात.

हात लावण्याबद्दल थोडं

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लू टाकून देतो, असं आपण लहानपणापासून ऐकतो. बहुतेक पक्ष्यांच्या बाबतीत हे खरं नाही. नुसत्या वासावरून ते पिल्लाला टाकत नाहीत. पण म्हणून हाताळणं निर्धोक ठरत नाही. डोळे न उघडलेलं, पिसं नसलेलं पिल्लू स्वतःची ऊब राखू शकत नाही. पावसाळी सकाळी ते घरट्याबाहेर राहिलं तर गारठतं. उलट उडायच्या बेतात आलेल्या पिल्लाला हात लावायला गेलं, तर ते घाबरून वेळेआधीच घरट्याबाहेर उडी मारतं आणि जमिनीवर मांजराच्या तोंडी जातं. म्हणून मधल्या वयातच, थोडा वेळच आणि सावलीतच हाताळायचं, असा नियम अनुभवी माणसं पाळतात.

कायदाही इथे स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या पाहा. संरक्षित पक्ष्याला मारणं तर त्यात येतंच, पण त्याला पकडणं, त्याची अंडी फोडणं, इतकंच काय, अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणंसुद्धा त्यात येतं. शिक्षण आणि संशोधनासाठी सूट आहे, पण ती मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी घेतल्यावर. तेव्हा 'सर, आम्ही प्रोजेक्टसाठीच करत होतो' हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही.

मग बाजारहत्नूरमध्ये कसं करायचं?

प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली तीन कसोट्या सांगितल्या, त्या आजही वापरतात. दुसरा मार्ग असेल तर तो घ्या. प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवा. आणि जो त्रास टाळता येत नाही तो सौम्य करा. आपल्या कापसाच्या रानाला त्या लावून पाहू.

कोतवाल पिल्लांना अळ्या भरवतो का, एवढाच प्रश्न असेल तर घरट्याला हात लावायची गरजच नाही. लांब बांधावर बसा, दुर्बीण लावा, खेपा मोजा. चोचीतली अळी नेमक्या कुठल्या जातीची, हे हवं असेल तर घरट्याखाली पडलेली शीट किंवा आई-बापांनी नेऊन टाकलेल्या पिशव्या गोळा करा. फवारणीचा अंश पिल्लात उतरतो का, हा प्रश्न मात्र दुर्बिणीने सुटणार नाही. तिथे परवानगी, शिकलेला हात आणि मोजकी घरटी, तिन्ही लागतील. आणि किती पिल्लं आजारी झाली किंवा दगावली तर काम थांबवायचं, हे सुरू करण्याआधीच लिहून ठेवायला हवं. काम संपल्यावर तोच आकडा अहवालात छापायला हवा, किडे मोजले त्याच्याच शेजारी. तो लपवला तर पुढचा विद्यार्थी त्याच पद्धतीने पुन्हा तेवढीच पिल्लं गमावेल.

या लेखाचे वाचक बहुतेक मराठीचे विद्यार्थी आहेत. आपल्यापैकी फार थोडे जण पिल्लांच्या गळ्याला पट्टी बांधायला जातील. पण घरटं दिसलं की फांदी वाकवून मोबाइलवर फोटो काढणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पिल्लाच्या बाजूने पाहिलं तर त्यात फारसा फरक नाही. आपण जवळ उभे आहोत तोवर घास येत नाही. तेव्हा घरटं सापडलं तर मागे सरका, आई-बाप न बिचकता येऊ-जाऊ लागतील इतके मागे. जागेचा पत्ता ग्रुपवर टाकू नका. वहीत तारीख, वेळ, ऊन की पाऊस, एका तासात किती खेपा आणि चोचीत काय दिसलं, एवढं लिहा. काय होतं ते दिसलं नाही, तर 'दिसलं नाही' असं लिहा. तीही नोंदच आहे.